शेठचा आजचा भाव

भाव पडला म्हणून चिक्की वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक गाळा. आत टेबल, दोन खुर्च्या, रस्त्यावरच्या चिन्हांचा तक्ता आणि भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा. फळ्यावर खडूनं लिहिलेलं, ‘शेठचा आजचा भाव’, आणि खाली आकडा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो चार लाख दहा हजार होता. मला वाटलं, आपण चुकून कुठल्या सट्टेवाल्याकडे शिरलो. बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून आले.

शेठ म्हणजे गाडी. दारातच उभी होती. काळी, लांबलचक, आठ सिलिंडरची जर्मन गाडी, जिच्या मागच्या सीटवर बिल्डर बसतात तसली. नवी होती तेव्हा कोटीच्या वर. आता टपावर लाल ‘एल’ची पाटी आणि आत स्टेअरिंगला मिठी मारून बसलेली, घामानं थबथबलेली कॉलेजातली एक मुलगी.

“या गाडीवर शिकवता?” मी विचारलं.

“मग कशावर शिकवू? बैलगाडीवर?” मास्तर म्हणाले.

त्यांना सर म्हटलेलं चालायचं नाही, मास्तरच म्हणायचं. पासष्टीचे, बुटके, मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे जन्मापासून जोगेश्वरीत, पण चिडले की तोंडात मालवणी यायची. स्वतःचं स्कूल असून अंगावर ड्रायव्हरचा पांढरा युनिफॉर्म, कडक इस्त्रीचा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सगळ्यांना ‘तू’. माझ्याबरोबर हायकोर्टातल्या एक वकीलबाई शिकायच्या, त्यांनाही ‘तू’.

त्यांचं म्हणणं असं की, नव्या छोट्या गाडीला भाव असतो. भाव असला की माणूस जपतो. जपला की घाबरतो आणि घाबरलेला माणूस ब्रेक सोडून भलतंच दाबतो. शेठ मात्र पडायचे तेवढे पडलेले. नव्या छोट्या गाडीच्या किमतीतच मास्तरांनी ही गाडी घेतली होती, आपल्या पायाशी जास्तीचा ब्रेक बसवून रीतसर पास करून घेतली होती. “हिची अब्रू आधीच गेलीय,” ते म्हणायचे. “शिकायला अशीच बरी. ती तुला काही बोलत नाही.”

दर महिन्याच्या एक तारखेला ते जुन्या गाड्यांच्या तीन दलालांना फोन करायचे. प्रत्येकाशी वेगळ्या आवाजात बोलायचे, आपणच विकणारे आहोत असं भासवायचे, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा फळ्यावर लिहायचे. आकडा आधीपेक्षा खाली असला की खूश. खिशातून गुळाची चिक्की निघायची, गाळ्यातल्या सगळ्यांना, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, चहावाल्याला. एकदा कधी नव्हे तो आकडा पाच हजारांनी वर गेला तर दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

डॅशबोर्डवर सात दिवे कायम पेटलेले असायचे. पिवळे, लाल, एक इंजिनाच्या आकाराचा. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, “दिवाळी आहे ती. तू समोर बघ.” खरं तर त्यातला एकेक दिवा विझवायला महिनाभराची फी गेली असती. गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट होत नाहीत, हे मला नंतर घरीच कळणार होतं.

सोमवारी त्यांचा उपास. त्या दिवशी गाडीलाही हॉर्नचा उपास. कितीही ट्रॅफिक असो, कुणी आडवं येवो, हॉर्न वाजवायचा नाही. “वाट बघायला शीक,” म्हणायचे. आरे रोडवर एका म्हशीमागे आम्ही पंचवीस मिनिटं चाललो आहोत.

आणि रेघ. पहिल्या दिवशी प्रत्येक शिकाऊ माणसाला ते कुठल्याशा जुन्या कुलपाची गंजकी किल्ली द्यायचे. म्हणायचे, मार. डाव्या बाजूच्या पुढच्या दारावर वीतभर रेघ मारायची, मगच स्टेअरिंग. त्या दारावर शेकडो रेघा होत्या, आडव्या, तिरक्या, काही एकमेकींवर चढलेल्या, आणि मास्तरांना त्यातली प्रत्येक पाठ होती. “ही एका सीएची. बघ किती सरळ. ही नर्स होती, मारताना रडली, आता ॲम्ब्युलन्स चालवते. हा पोरगा दोन रेघा मारत होता, एक हाणली मी त्याला.”

मला जमेना. किल्ली हातात घेऊन मी नुसती उभी. माझ्या घरी जी गाडी होती तिला हात लावण्याआधी मी बांगड्या काढायची, हे त्यांना कसं सांगणार? शेवटी डोळे मिटून हँडलजवळ काहीतरी टोचलं. मास्तरांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं.

“ही रेघ म्हणायची की मुंगी?”

तर माझ्या घरची गाडी. मी मालाडला राहते, एका शाळेत क्लार्क आहे. नवरा औषधांच्या कंपनीत होता. व्हीआरएस घेतली आणि त्या पैशातून लहानपणापासूनचं स्वप्न आणलं. तीन वर्षं वापरलेली, करड्या रंगाची, शेठच्याच जातीची पण नंतरच्या पिढीतली गाडी. दाबली की पाठ सीटला चिकटते. नवीच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळाली म्हणून त्याला आकाश ठेंगणं झालं होतं. सगळ्यांना सांगायचा, “नवी घेणारा मूर्ख. जेवढी पडायची तेवढी आधीच्यानं भोगली. आता ही पडणार नाही.” हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, “पडणाऱ्याला वाटतं जमीन आली. जमीन अजून चार मजले खाली असते गो.”

दर रविवारी सकाळी सहाला तो मढला समुद्रावर जाऊन यायचा. मला नेलं तर मी डोळे मिटून बसायची. आल्यावर तासभर गाडी पुसायचा. तीन वर्षांत एक ओरखडा नाही.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आला तो गॅलरीतल्या खुर्चीत बसला. खाली कव्हर घातलेली गाडी दिसायची, तिच्याकडे बघत. आठ महिने. रिक्षात बसणार नाही, टॅक्सीत नाही, व्हीलचेअर तर बघितली तरी तोंड फिरवायचा. एक ड्रायव्हर ठेवला होता. पहिल्याच दिवशी त्यानं गेटजवळ गाडी जरा जवळून काढली, तर वरून ह्यानं डाव्या हातानं रेलिंग असं बडवलं की अख्खी सोसायटी बाहेर आली. ड्रायव्हर गेला. पाचव्या महिन्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “यांना बाहेर काढा. हवेत न्या, माणसांत न्या. असेच बसून राहिले तर आहेत तेवढेही राहणार नाहीत.” त्या रात्री मी ठरवलं. लायसन्स होतं माझ्याकडे, वीस वर्षांचं, पण ते फक्त सिमकार्ड घ्यायला वापरलेलं. ज्या गाडीतून तो जाईल ती एकच आणि ती चालवणार मी.

शेठवर मी तीन महिने शिकले. हायवे घेतला, पूल घेतले, आरेच्या उतारावर रिव्हर्स घेतली. एका टेम्पोला मागून टेकवलीसुद्धा. मास्तर उतरले, बघितलं, म्हणाले, “काही झालं नाही. शेठनी असं खूप सोसलंय.” मला वाटलं, झकास, जमलं आपल्याला.

मग एका शनिवारी मी घरच्या गाडीचं कव्हर काढलं. बांगड्या काढल्या, बसले, सुरू केली. ती गुरगुरली आणि वरून रेलिंगचा आवाज सुरू झाला. धाड धाड धाड. मी वर बघितलं तर तो उठून उभा राहायचा प्रयत्न करत होता, पडेल की काय अशा बेतात. गाडी एक फूट पुढे गेली नाही. बंद केली, वर गेले.

“काय झालं?” मी ओरडलेच. “मी शिकलेय. तीन महिने शिकलेय तुझ्यासाठी.”

त्यानं खूप वेळ घेतला. तोंड वाकडं करून एकच शब्द काढला. “भाव.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस आठ महिने खुर्चीत पडलाय, रोज थोडा थोडा संपतोय आणि ह्याला गाडीच्या भावाची काळजी. मी त्याला नको नको ते बोलले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. सोमवारपासून क्लासला जाणं बंद.

पुढच्या सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात मास्तर, कडक युनिफॉर्ममध्ये, हातात चिक्कीचं पाकीट.

“फी भरलीस आणि येत नाहीस. कित्याक?” म्हणाले. मी दारातच सगळं सांगितलं. त्यांनी बूट काढले, सरळ गॅलरीत गेले आणि नवऱ्यासमोर स्टुलावर बसले. मी चहा टाकायला वळले तर म्हणाले, “उपास आहे. तू पण बस इथे.”

“साहेब,” ते नवऱ्याला म्हणाले. ‘तुम्ही’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. “मी पार्ल्याला एका शेठकडे एकोणीस वर्षं ड्रायव्हर होतो. माझी ही काळी गाडी त्यांची. शोरूममधून आणली त्या दिवशी तिला हार मी घातला. तिसऱ्या महिन्यात गेटला घासली. चूक माझीच. एवढी रेघ.” त्यांनी वीत दाखवली. “शेठ वॉचमनसमोर म्हणाले, अक्कल आहे का तुला, या रेघेनं गाडीचा भाव किती पडतो? चावी काढून घेतली. पोरांना त्यांच्या मी शाळेत सोडायचो, साहेब. पोरं वरून बघत होती.”

नवरा त्यांच्याकडे बघायला लागला होता.

“सहा वर्षांनी ही आमच्या जोगेश्वरीत एका यार्डात उभी. तोच नंबर. रेघ केव्हाच रंगवलेली. नवीसारखी चकचकीत. मी सहज किंमत विचारली आणि दलालानं सांगितली ती ऐकून फुटपाथवर बसलो. कोटीची गाडी नऊ लाखांना. ज्या भावासाठी मला काढला तो भाव गेला खंय? रेघेनं नाही पडला. उभ्या उभ्या पडला. गादीवर निजवून ठेवली असती तरी पडला असता.” मग जरा थांबून म्हणाले, “शेठ वाईट नव्हते. भावाच्या भीतीनं माणूस असा होतो.”

“म्हणून घेतलीत?” मी विचारलं.

“फंडातले सगळे घातले. घरी बायको आठवडाभर बोलली नाही. आणि पहिली रेघ मी मारली. होती तिथेच.”

तीन महिने मी त्यांना विचारत होते, यातली तुमची कुठली? ते टाळायचे. आज बोलले. मला त्यांच्याकडे बघवेना. दर महिन्याला तो फळा पुसून नवा आकडा लिहिताना त्यांना काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

“साहेब, तुमची केवढ्याला घेतली?”

“पस... तीस,” नवरा म्हणाला.

“आता?”

एक दलाल मध्यंतरी येऊन गाडी बघून, आकडा सांगून गेला होता. “अ... करा.”

“कुणी ओरखडा काढला?”

नवऱ्यानं नाही म्हणून मान हलवली.

“मग?”

खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मास्तर उठले, नवऱ्याचा एका हातानं धरायचा वॉकर त्याच्यासमोर आणून ठेवला आणि म्हणाले, “चला, खाली जाऊ.” मी म्हणणार होते की ते नाही येणार. तो उठला.

लिफ्टमधून खाली जायला दहा मिनिटं लागली. मास्तरांनी कव्हर ओढलं. गाडी इतकी स्वच्छ होती की तिच्यात आम्ही तिघं दिसत होतो. मास्तरांनी खिशातून ती गंजकी किल्ली काढून नवऱ्याच्या डाव्या हातात ठेवली.

“मारा. वीतभर.”

मला वाटलं, हा किल्ली फेकून देणार. खिडक्यांतून लोक बघत होते, वॉचमन पाइप टाकून आला होता. नवरा किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू हलत होती. एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “नको असेल तर राहू दे रे. आपण वर जाऊ.” हे मी मनापासून म्हटलं. त्याच्या हातून ती गाडी खराब करून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

त्यानं किल्ली दाराला लावली आणि ओढली. असा आवाज आला की माझे दात आंबले. वीतभरावर थांबायचं तर त्याचा तोल गेला, मी त्याला धरेपर्यंत किल्ली घसरत घसरत मागच्या दारापर्यंत पोचली.

मास्तरांनी चष्मा चढवला, वाकून बघितलं. “वीतभर सांगितली होती, बाबा,” ते म्हणाले. “तू तर हायवे काढलास.”

आणि नवरा हसला. अर्ध्या तोंडानं, पण आवाज करून हसला. आठ महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मी भर कंपाउंडमध्ये, सगळ्यांसमोर ढसाढसा रडले आणि मला काडीची लाज वाटली नाही.

आम्ही मढला गेलो. मी चालवत होते, नवरा शेजारी, मास्तर मागे. मागच्या सीटवर ते अगदी टोकाला, ताठ बसलेले, वरचं हँडल धरून. मी आरशातून म्हटलं, नीट टेकून बसा की. तर म्हणाले, “एकोणीस वर्षं पुढे बसलो गो. मागे कसे बसतात माहीत नाही.”

मार्वेच्या पुढे रस्ता अरुंद होतो. एका वळणावर मासळीची टोपली घेतलेल्या दोन कोळणी मधोमध उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या. आमच्यामागे बस येऊन थांबली.

“हॉर्न,” नवरा म्हणाला. स्पष्ट.

“उपास आहे,” मागून मास्तर म्हणाले. आम्ही वाट बघितली. त्यांचं बोलणं झाल्यावर त्या बाजूला झाल्या, त्यातल्या एकीनं गाडीवरची रेघ बघितली आणि नवऱ्याकडे बघून च्‌ च्‌ केलं. तो पुन्हा हसला. समुद्राशी गेलो तर काच खाली करून बराच वेळ बसला. तिथे मास्तरांनी चिक्की वाटली. मी म्हटलं, आज कुठे भाव पडला? तर दाराकडे बोट दाखवून म्हणाले, “हा काय.”

त्यानंतर आम्ही दर रविवारी जायला लागलो, मग बुधवारीही. नवरा फिजिओथेरपीला यायला तयार झाला, कारण तिथेही गाडीतूनच जायचं होतं. आता तो काठी घेऊन चालतो. बोलणं ऐंशी टक्के परत आलंय, त्यातलं निम्मं मला ड्रायव्हिंग शिकवण्यात जातं.

मास्तरांच्या शेठची पंधरा वर्षं भरली तेव्हा गाडी भंगारात गेली. त्या दिवशी फळ्यावर त्यांनी भोपळा काढला आणि मोठं पाकीट फोडून पूर्ण रस्त्याला चिक्की वाटली. ते डाव्या बाजूचं दार तेवढं भंगारवाल्याकडून काढून घेतलं. स्कूल बंद करून गावी गेले तेव्हा टेम्पोच्या टपावर बांधून नेलं. मला वाटलं, घरात भिंतीवर लावतील. फोन केला तर म्हणाले, कोंबड्यांच्या खुराड्याला दार लागत होतं, मापात बसलं. माझी मुंगी आता कोंबड्या राखते.

आमची गाडी आहे अजून. विकायची नाहीये. तरी नवरा दर सहा महिन्यांनी कुणातरी दलालाला बोलावतो. गेल्या महिन्यात एक तरणा दलाल आला, आजूबाजूनं फिरला, मोबाइलवर फोटो काढले, मग त्या लांब रेघेवरून बोट फिरवत म्हणाला, “साडेचार. हा ओरखडा नसता तर पाच दिले असते, साहेब. ह्यानं भाव पडला.” नवऱ्यानं डावा हात खिशात घातला, चिक्की काढून त्याच्या हातावर ठेवली. तो बिचारा चिक्कीकडे आणि आमच्याकडे बघत राहिला. तो गेल्यावर आम्ही मास्तरांना फोन लावला, फोन नवऱ्यानं घेतला.

“कितीवर आली रे?”

“साडेचार.”

“चिक्की वाटलीस?”

“वाटली.”

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. मास्तरांनी आधी त्यांना हुसकावलं. मग म्हणाले, “म्हणजे जमीन अजून आली नाय. तिला फोन दे.” मी फोन घेतला. “बसलीस काय घरात? त्याला घेऊन जा जरा बाहेर.”

मी चावी घेतली. बांगड्या हल्ली मी काढत नाही.